शेअर्ड लायब्ररीची भाषा निवडताना: आधी सीमा, मग भाषा

शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम लोड करून वापरतात ती तयार कोडची फाइल. तिची भाषा ठरवताना बहुतेक टीम उलट्या क्रमाने जातात. आधी भाषा ठरते, रिपॉझिटरी उघडते, काही हजार ओळी लिहून होतात आणि मग कुणीतरी विचारतं, "पायथॉनवाल्यांनी हे वापरायचं कसं?" स्वतंत्र प्रोग्रॅमसाठी हा क्रम चालून जातो. पण शेअर्ड लायब्ररीची फाइल (लिनक्सवर एसओ, विंडोजवर डीएलएल) दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये लोड होते, तिथे तो महागात पडतो. आतली भाषा नंतर बदलता येते. शंभर प्रोग्रॅममध्ये जाऊन बसलेली सीमा, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम ज्या फंक्शनांतून लायब्ररीशी बोलतात ती, बदलता येत नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांत लायब्ररी कशात लिहायची हे ठरत नाही, ते मुद्दाम. तुमची लायब्ररी एकाच टीमच्या एकाच ॲपमध्ये राहणार असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. ॲप ज्या भाषेत आहे तीच वापरा आणि मोकळे व्हा.

उदाहरण म्हणून देवनागरी मजकूर एकसारखा करणारी एक लायब्ररी धरू. "दऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ऱ (यू+०९३१), हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरणसुद्धा या दोन्हींना एक करत नाही. म्हणजे हे काम कुणीतरी एकदा नीट करून सगळ्यांना द्यायला हवं. शेअर्ड लायब्ररीसाठी याहून रास्त कारण नाही.

## टप्पा १: वापरणाऱ्यांची यादी

चार गोष्टी लिहून काढा.

लायब्ररी कोण लोड करणार? "सगळे" हे उत्तर नव्हे. आपल्या उदाहरणात चौघे आहेत: सीमध्ये लिहिलेला डेस्कटॉपचा शोध, पायथॉनच्या स्क्रिप्ट, कोटलिनमधलं अँड्रॉइड ॲप आणि पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन. प्रत्येकापुढे त्याच्या सवयी लिहा. तो फोर्क करतो का, म्हणजे स्वतःची प्रत असलेली नवी प्रोसेस काढतो का? किती थ्रेड चालवतो? लायब्ररी मध्येच अनलोड करतो का? महिनोन्‌महिने चालू राहतो का? पोस्टग्रेस दर कनेक्शनला एक नवी प्रोसेस फोर्क करतो. एवढा एक तपशील पुढे एक अख्खी भाषा बाद करायला पुरतो.

कुठल्या मशीनवर? फक्त एक्स८६ आणि ६४ बिट एआरएम, की डेबियनची सगळी आर्किटेक्चर? जुना ३२ बिट एआरएम बोर्ड? विंडोज? अँड्रॉइड असेल तर १६ केबी पेजच्या मशीनवर लायब्ररी लोड व्हायला हवी, हेही इथेच नोंदवा.

किती वर्षं? दोन वर्षांची लायब्ररी आणि पंधरा वर्षांची लायब्ररी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांभाळणार कोण? हा प्रश्न सर्वात जास्त टाळला जातो. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाने २०२० मध्ये हायपर हा रस्टमधला एचटीटीपी बॅकएंड प्रयोग म्हणून घेतला आणि २०२४ च्या डिसेंबरात तो काढून टाकायचं जाहीर केलं. कोड वाईट होता म्हणून नव्हे. सी आणि रस्ट दोन्ही येणारी, दोन्हींच्या मधल्या फटीत बसून काम करायला तयार असलेली माणसं पुरेशी मिळाली नाहीत, आणि वापरणाऱ्यांकडूनही फारशी मागणी नव्हती. तुमच्या टीममध्ये हे काम करू शकणारी किमान दोन नावं लिहिता येत नसतील तर ती भाषा आजच यादीतून काढा.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक वापरणाऱ्यापुढे "फोर्क", "थ्रेड", "अनलोड" या तीन शब्दांपुढे हो किंवा नाही लिहिलंय का? "बहुधा" लिहिलं असेल तर त्या टीमला विचारून या.

## टप्पा २: सीमा सीमध्येच लिहा

आत काहीही असो, बाहेरचा चेहरा सीचा. हा जुन्या लोकांचा हट्ट नाही. पायथॉन, जावा, गो, रस्ट, स्विफ्ट, लुआ, सगळ्यांना बोलता येणारा बायनरी करार आज एकच आहे, तो म्हणजे सीचा एबीआय. रस्टने स्वतःचा स्थिर एबीआय दिलेलाच नाही: एका कंपायलरने बांधलेला स्ट्रक्ट दुसऱ्या आवृत्तीत तसाच मांडला जाईल याची हमी नाही. सी++ ला एबीआय आहे, पण तो कंपायलर आणि स्टँडर्ड लायब्ररीच्या जोडीला बांधलेला. स्विफ्टचा एबीआय २०१९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून स्थिर झाला, तो ॲपलच्या प्लॅटफॉर्मपुरता.

तेव्हा आता एकही ओळ अंमलबजावणी न लिहिता हेडर फाइल (बाहेरून बोलावता येणाऱ्या फंक्शनांची यादी) लिहा. ती लिहिताना पुढच्या गोष्टी पाळा.

स्ट्रक्ट उघडा ठेवू नका. हेडरमध्ये फक्त नाव द्या, आतले मेंबर देऊ नका. बाहेरच्यांना मिळेल तो पॉइंटर. ओपनएसएसएलने हे काम २०१६ मध्ये १.१.० आवृत्तीत केलं, तेव्हा आत थेट हात घालणारे कितीतरी प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले. पहिल्या दिवशी केलं तर फुकट आहे.

मेमरी ज्याने घेतली त्यानेच सोडायची. लायब्ररीने स्ट्रिंग परत दिली तर ती सोडण्याचं फंक्शनही लायब्ररीनेच द्यायचं. "साधं फ्री वापरा" असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहू नका. विंडोजवर डीएलएल आणि तिला बोलावणारा प्रोग्रॅम यांचे सी रनटाइम वेगळे असू शकतात. एकाच्या हीपमधली मेमरी दुसऱ्याच्या फ्रीने सोडली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही लगेच नाही, कुठेतरी भलत्याच ठिकाणी.

लांबी नेहमी बाइटमध्ये घ्या आणि तसं पॅरामीटरच्या नावातच लिहा. "मराठी" या शब्दात पाच कोडपॉइंट आहेत, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट, आणि वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं. नुसतं "लांबी" लिहिलं तर तिघेजण तीन अर्थ काढतील.

आकार पक्के असलेले प्रकारच वापरा. "लाँग" ६४ बिट लिनक्सवर आठ बाइटचा आहे, ६४ बिट विंडोजवर चार. बिटफील्ड आणि लाँग डबल सीमेवर आणूच नका. वेळ द्यायची असेल तर ६४ बिटचा पूर्णांक द्या, सीचा टाइम_टी हा वेळेचा प्रकार नको. २०३८ चा प्रश्न (३२ बिटमधली वेळ त्या वर्षी ओसंडते) सोडवण्यासाठी डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिट एआरएमवर टाइम_टी मोठा केला, तेव्हा ज्या ज्या लायब्ररीच्या हेडरमध्ये तो डोकावत होता त्या पॅकेजांच्या नावांमागे "टी६४" लावून सगळी पुन्हा बांधावी लागली.

चूक झाली तर परत येतो तो आकडा. एक्सेप्शन नाही, पॅनिक (रस्टमधला त्याचा भाऊ) नाही, आणि "एरर स्ट्रिंग ग्लोबलमध्ये ठेवली आहे" हेही नाही. कॉलबॅक घेत असाल तर सोबत वापरणाऱ्याचा स्वतःचा पॉइंटर घ्या, नाहीतर त्याला ग्लोबल व्हेरिएबल करावं लागेल आणि दोन थ्रेडमध्ये ते भांडतील.

> सावधान: एनम सीमेवरून आत घेऊ नका, ३२ बिटचा पूर्णांक घ्या आणि आत तपासा. बाहेरून यादीत नसलेला आकडा आला आणि तुम्ही तो थेट रस्टच्या एनममध्ये घेतला, तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही. मॅच लिहिलाय म्हणून वाचाल असं नाही.

हेडर झालं की आत काहीच न करणारी पोकळ फंक्शनं लिहा आणि दोन छोटे ग्राहक प्रोग्रॅम तयार करा: एक सीमध्ये, एक पायथॉनच्या सीटाइप्सने (सीची फंक्शनं बोलावणारं मॉड्यूल). सीमा कुठे टोचते ते इथेच कळतं. सीटाइप्समध्ये दोन खाचखळगे ठरलेले आहेत. परतीचा प्रकार सांगितला नाही तर तो इंट धरला जातो आणि ६४ बिट पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो. आणि परतीचा प्रकार कॅरेक्टर पॉइंटर सांगितला, तर पायथॉन त्याचे बाइट करून देतो, मूळ पॉइंटर हातातून जातो, मग मेमरी सोडणार काय? असं झालं तर दोष पायथॉनचा म्हणून सोडून देऊ नका. कॉलरने दिलेल्या बफरमध्ये निकाल लिहिणारं फंक्शन दिलं की हा प्रश्नच उरत नाही. आपल्या मजकुराच्या लायब्ररीला तोच आकार शोभतो.

> तपासा: तीच हेडर फाइल सी आणि सी++ दोन्ही कंपायलरमधून इशाऱ्याशिवाय जाते का?

## टप्पा ३: सोबत कोण कोण येतं ते पाहा

लायब्ररी ही दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू असते. तिने मालकाच्या थ्रेडना, सिग्नलना आणि मेमरीला हात लावायचा नाही. म्हणून भाषा चांगली की वाईट हे विचारण्याआधी तिचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना मागे चालणारा भाषेचा स्वतःचा कोड) काय सोबत आणतो ते विचारा: लोड होताच थ्रेड सुरू करतो का? सिग्नल हँडलर बसवतो का? फोर्क झाल्यावर जिवंत राहतो का? मेमरी संपली तर काय करतो? अनलोड होऊ शकतो का?

या प्रश्नांवर गोची पंचाईत होते. गोला २०१५ मध्ये १.५ आवृत्तीपासून सी-शेअर्ड नावाचा बिल्ड मोड आहे. त्यातून सीला बोलावता येईल अशी एसओ फाइल अगदी सहज तयार होते. सहज होते म्हणूनच लोक फसतात. फाइल लोड होताच गोचा रनटाइम स्वतःचे थ्रेड सुरू करतो. फोर्कनंतर मुलाच्या प्रोसेसमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो, बाकीचे गायब. त्यामुळे मुलातला गोचा रनटाइम अर्धवट अवस्थेत अडकतो. आपली लायब्ररी पोस्टग्रेसच्या मूळ प्रोसेसमध्येच प्रीलोड केली तर हेच होणार. शिवाय रनटाइम सेगफॉल्टसारख्या सिग्नलना स्वतःचे हँडलर बसवतो, आणि मालक प्रोग्रॅमने आपले हँडलर पर्यायी स्टॅकचा फ्लॅग लावून बसवावेत अशी त्याची अट असते. ही अट वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तुम्ही कशी पाळायला लावणार? एकाच प्रोसेसमध्ये गोच्या दोन वेगळ्या एसओ आल्या तर दोन रनटाइम, दोन गार्बेज कलेक्टर. अनलोड करण्याची सोय नाही.

गो ही सर्व्हरसाठी उत्तम भाषा आहे. ज्या प्रोसेसची मालकी तिच्याकडे आहे तिथे ती वापरा. लायब्ररीऐवजी सॉकेटवर बोलणारी छोटी सेवा चालणार असेल तर गो पुन्हा शर्यतीत येते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तेवढंच पुरेसं असतं.

जावा, पायथॉन, नोड यांचा विचार इथे करायची गरज नाही. संपूर्ण इंटरप्रिटर किंवा व्हर्च्युअल मशीन दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये ओढून आणणारी लायब्ररी कुणालाच नको असते.

## टप्पा ४: उरलेल्या तिघी

आता राहिल्या सी, सी++ आणि रस्ट. या तिन्हींत काम होऊ शकतं. प्रत्येकीची जोखीम मात्र वेगळ्या जागी आहे.

### सी

सीमेवर काहीच भाषांतर नाही, सगळीकडे कंपायलर आहे, रनटाइम जवळजवळ शून्य. जोखीम एकच आणि ती मोठी: मेमरी. ओपनएसएसएलमधलं २०१४ चं हार्टब्लीड हे भोक म्हणजे आलेली लांबी न तपासता बफरच्या पलीकडचं वाचणं, बस एवढंच. बाहेरून आलेले, भरवसा नसलेले बाइट तुमची लायब्ररी वाचणार असेल तर सी निवडताना फझिंग (वेडावाकडा डेटा देऊन तपासणं) आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) यांचा वेळ वेळापत्रकात लिहून ठेवा. तो वेळ देता येत नसेल तर सी नको.

### सी++

आत सी++, बाहेर सी, ही जोडी चालते आणि उत्तम चालते. याचा पुरावा हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर असू शकतो: क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी सी++ मध्ये आहे, तिचा एपीआय सीचा आहे, आणि ती एक्सेप्शन व आरटीटीआय (चालताना प्रकार ओळखण्याची सोय) बंद करून बांधली जाते. लिबएसटीडीसी++ या सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीशी लिंक होऊ नये यावरही तिचे लेखक लक्ष ठेवतात. नक्कल करायची तर याची करा.

फसतात ते सी++ चे प्रकार सीमेवर आणणारे. जीसीसी ५ ने २०१५ मध्ये सी++११ च्या नियमांसाठी स्ट्रिंग आणि लिस्टची आतली मांडणी बदलली. जुनी आणि नवी दोन्ही एकाच लायब्ररीत ठेवली, पण सिम्बॉलची नावं बदलली. जुन्या मांडणीत बांधलेली लायब्ररी आणि नव्या मांडणीत बांधलेला प्रोग्रॅम एकत्र आणला की लिंकर "सिम्बॉल सापडत नाही" म्हणून थांबतो. फाइल समोर असते, फंक्शन त्यात असतं, तरी सापडत नाही. या एका कोड्यात किती जणांच्या संध्याकाळी गेल्या याची मोजदाद नाही.

> सावधान: सीमेवरच्या प्रत्येक फंक्शनमध्ये सगळी एक्सेप्शन पकडा. सीच्या फ्रेममधून वर गेलेलं एक्सेप्शन नशीब बरं असेल तर प्रोसेस थांबवतं. ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टरही टाळा. लायब्ररी नुसती लोड झाली तरी ते चालतात.

### रस्ट

नव्या, बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या लायब्ररीसाठी मी आधी रस्टकडे पाहतो. गार्बेज कलेक्टर नाही, लोड होताना थ्रेड नाही, मेमरीच्या चुका बहुतांश कंपायलरच पकडतो. मात्र ही सुरक्षितता सीमेवर येऊन थांबते. सीमेवरची प्रत्येक ओळ ही रस्टच्या व्याकरणात लिहिलेली सीच असते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

बिल्ड सीडायलिब प्रकाराचा करा. रस्टचा डायलिब वेगळा, तो त्याच कंपायलरच्या रस्ट कोडसाठी. सीमेवर स्ट्रिंग, व्हेक, रिझल्ट यातलं काहीही येता कामा नये. स्ट्रक्ट आलाच तर सीची मांडणी मागून घ्या.

सर्वात जास्त दिसणारी चूक अशी: सीस्ट्रिंग (सीला देण्याजोगी रस्टची स्ट्रिंग) तयार करायची आणि त्याच ओळीत तिचा पॉइंटर मागून परत पाठवायचा. ओळ संपली की सीस्ट्रिंग नष्ट होते आणि सीकडे गेलेला पॉइंटर सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो. टेस्टमध्ये बहुतेक वेळा बरोबर मजकूर दिसतोसुद्धा, कारण ती जागा अजून कुणी वापरलेली नसते. मालकी सोडून देणारं इनटू-रॉ वापरा, आणि परत घेण्यासाठी फ्रॉम-रॉ करणारं स्वतःचं मुक्त-फंक्शन द्या. ते पॉइंटर सीच्या फ्रीला द्यायचे नाहीत.

पॅनिकचं काय? १.८१ आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, सीच्या एबीआयचं फंक्शन ओलांडून जाणारा पॅनिक प्रोसेस थांबवतो. त्याआधी ते अनडिफाइन्ड होतं. पण मालकाची प्रोसेस थांबवणं हेही पोटभाडेकरूचं काम नव्हे. सीमेवर कॅच-अनवाइंड (पॅनिक पकडणारं फंक्शन) लावा आणि चुकीचा आकडा परत द्या. मेमरी संपली तर मात्र रस्टची नेहमीची वाट थेट अबॉर्टकडे जाते, कॅच-अनवाइंडला ती सापडत नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी सीचा विचार करावा.

आपल्या उदाहरणातला एक खास खड्डा: अँड्रॉइडवर जेएनआय या जावा आणि सीमधल्या पुलाच्या नेहमीच्या फंक्शनने स्ट्रिंग मागितली तर खरं यूटीएफ-८ मिळत नाही, "मॉडिफाइड" यूटीएफ-८ मिळतं. देवनागरी दोन्हींत सारखीच, म्हणून मराठीच्या सगळ्या टेस्ट पास होतात. मग कुणीतरी वाक्याच्या शेवटी इमोजी टाकतं, इमोजी सरोगेट जोडी म्हणून, म्हणजे दोन तुकड्यांत, येते, आणि रस्ट तो मजकूर अवैध म्हणून नाकारतो. जावाकडून यूटीएफ-८ चे बाइट मागून घ्या, स्ट्रिंग नको.

## टप्पा ५: बांधणी आणि पॅकेजिंग

भाषा जवळपास ठरली असं वाटतंय तेव्हाच हा टप्पा करा. "नंतर बघू" म्हणून ठेवला की इथेच निर्णय उलटतो.

पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ आवृत्तीत बांधणीसाठी रस्ट आवश्यक केला. अल्पाइन लिनक्सवर ज्यांच्या बिल्ड चालत होत्या त्या एका रात्रीत बंद पडल्या, आणि जेंटूच्या अल्फा, एचपीपीए यांसारख्या आर्किटेक्चरवाल्यांकडे तर रस्टचा कंपायलरच नव्हता. पॅकेजच्या लेखकांचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या चूक होता असं मला वाटत नाही. पण मोठा ग्राहकवर्ग असलेल्या लायब्ररीत कंपायलर बदलणं ही मोठी घोषणा असते. किरकोळ आवृत्तीत ते उरकून टाकलं की लोक चिडतात.

म्हणून टप्पा १ मधली मशीनची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: कंपायलर आहे का, आणि भाषेचे लेखक त्या मशीनची हमी देतात का. रस्टच्या बाबतीत याला टियर म्हणतात. टियर ३ म्हणजे "बांधलं गेलं तर तुमचं नशीब".

डेबियन आणि फेडोरा पॅकेज बांधताना इंटरनेट देत नाहीत. कार्गो या रस्टच्या बांधणीच्या साधनाने नेटवरून दोनशे क्रेट (रस्टची पॅकेजं) खेचून बांधलेली लायब्ररी तिथे तशीच्या तशी जाणार नाही. नेट बंद करून स्वच्छ कंटेनरमध्ये एकदा बांधून बघा. शिवाय रस्टच्या एसओमध्ये क्रेट आतच शिवलेले असतात: त्यातल्या एकात भोक सापडलं तर डिस्ट्रोने ते क्रेट बदलून भागत नाही, तुमची लायब्ररी पुन्हा बांधावी लागते.

डिपेंडन्सीवर कंजूष राहा, भाषा कुठलीही असो. तुम्ही ओढून आणलेली प्रत्येक लायब्ररी तुमच्या प्रत्येक ग्राहकाच्या प्रोसेसमध्ये जाते. मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण आठवा. एसएसएच सर्व्हरला एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीची काहीच गरज नव्हती. काही डिस्ट्रोंनी त्याला लिबसिस्टमडी जोडली होती, लिबसिस्टमडीने लिबएलझेडएमए आणली, आणि ५.६.० व ५.६.१ मधलं मागचं दार थेट सर्व्हरमध्ये पोचलं.

> तपासा: रीडएल्फ -डी चालवून नीडेड ओळी (लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी) मोजा. प्रत्येक ओळ का आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ६: तीन फंक्शनांचा नमुना

पूर्ण लायब्ररी नको. तयार करणारं, काम करणारं आणि सोडणारं, अशी तीन फंक्शनं निवडलेल्या भाषेत खरीखुरी लिहा. दोन भाषांत मत विभागलं असेल तर दोन्हींत लिहा. बैठकांपेक्षा स्वस्त पडतं. मग या क्रमाने छळा:

1. एनएम -डी ने बाहेर दिसणारे सिम्बॉल बघा. हेडरमध्ये नाही असं एकही नाव दिसता कामा नये. सी आणि सी++ मध्ये व्हिजिबिलिटी हिडन ठेवून फक्त हवी ती फंक्शनं उघडी करा. प्रत्येक नावाला लायब्ररीचा उपसर्ग असू द्या. "इनिट" नावाचं उघडं फंक्शन म्हणजे कुणाशी तरी टक्कर ठरलेली.
2. लोड करा, बोलवा, फोर्क करा, मुलात पुन्हा बोलवा.
3. आठ थ्रेडमधून एकाच वेळी बोलवा, थ्रेड सॅनिटायझर लावून.
4. आत मुद्दाम पॅनिक किंवा एक्सेप्शन घडवा. बाहेर आकडा आला पाहिजे, प्रोसेस जिवंत राहिली पाहिजे.
5. शून्य पॉइंटर, शून्य लांबी, अर्धं तुटलेलं यूटीएफ-८ द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, तेव्हा मजकूर दुसऱ्या बाइटवर तोडून बघणं सोपं आहे.
6. डीएलओपन (लोड), डीएलक्लोज (अनलोड), पुन्हा डीएलओपन. हे जमत नसेल तर तसं डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्याच पानावर लिहा.

सहाच्या सहा चाचण्या सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) टाका. वेग इथे मोजू नका. तीन फंक्शनांवरून काढलेला वेग फसवा असतो, आणि एकदा आकडे टेबलावर आले की चर्चा त्यांच्याचभोवती फिरते.

निर्णय आता घ्या, आणि एका पानावर लिहून रिपॉझिटरीत ठेवा: काय निवडलं, काय सोडलं, कुठल्या कारणाने, आणि कोणती गोष्ट बदलली तर पुन्हा विचार करायचा. आपल्या देवनागरीच्या लायब्ररीसाठी माझं पान रस्टचं नाव लिहितं: बाहेरचा मजकूर वाचायचा आहे, फोर्क सोसायचा आहे, मशीन नेहमीच्याच आहेत. यादीत एखादं जुनं, रस्ट नसलेलं आर्किटेक्चर असतं तर सी लिहिलं असतं आणि फझिंगचा वेळ मागून घेतला असता.

## टप्पा ७: सोनेम आणि आवृत्ती

पहिल्या प्रकाशनाआधी सोनेम (एसओ फाइलमध्ये कोरलेलं, एबीआयचा क्रमांक असलेलं नाव) ठरवा. कार्गो स्वतःहून सोनेम लावत नाही. हे बहुतेकांना पॅकेज करणाऱ्याच्या पत्रावरून कळतं. कार्गो-सी हे साधन सोनेम, हेडर आणि पीकेजी-कॉन्फिगची फाइल एकत्र करून देतं. लिबटूल वापरत असाल तर त्याचे तीन आकडे म्हणजे प्रकाशनाची आवृत्ती नव्हे, ते वेगळं गणित आहे.

एबीआय तुटला तर सोनेम वाढवा, न तुटल्यास वाढवू नका. तुटला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. लिबअबिगेलचं अबिडिफ जुन्या आणि नव्या फाइलवर चालवा.

> सावधान: सिम्बॉल तसेच राहिले तरी वागणूक बदलू शकते, आणि अबिडिफला ते दिसत नाही. २०१० मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीचं मेमकॉपी नव्या प्रोसेसरवर उलट्या दिशेने कॉपी करू लागलं. नियमाने ते बरोबरच होतं, पण एकमेकांवर चढणाऱ्या बफरवर मेमकॉपी वापरणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटला. पुढे २.१४ मध्ये जुन्या प्रोग्रॅमसाठी जुनी आणि नव्यांसाठी नवी अशी सिम्बॉल आवृत्ती द्यावी लागली.

## टप्पा ८: आधीच सीची लायब्ररी असेल तर

पाटी कोरी करून नवी लायब्ररी लिहू नका. जीनोमच्या लिबआरएसव्हीजीचा रस्ता धरा. एसव्हीजी चित्रं काढणारी ही सीमधली लायब्ररी फेदेरिको मेना किंतेरो यांनी २०१६ च्या अखेरीस रस्टमध्ये न्यायला घेतली. एकदम नाही, एकेक तुकडा, प्रत्येक प्रकाशनात सी आणि रस्ट एकाच एसओमध्ये नांदत. बाहेरचा सीचा एपीआय आणि एबीआय तसाच राहिला, त्यामुळे ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमना पुन्हा कंपाइलही करावं लागलं नाही.

त्यांनाही किंमत मोजावी लागली: रस्ट नसलेल्या आर्किटेक्चरसाठी डेबियनच्या पोर्टमध्ये जुनी सीची आवृत्ती वेगळ्या पॅकेजमध्ये जपून ठेवावी लागली. तुमच्या यादीत असं मशीन असेल तर जुनी शाखा कोण आणि कुठवर सांभाळणार हे काम सुरू करण्याआधी ठरवा.

क्रम असा ठेवा. आधी जुन्या लायब्ररीच्या बाहेरच्या वागणुकीच्या टेस्ट लिहा, तिच्या विचित्रपणासकट; कुणीतरी त्या विचित्रपणावर अवलंबून असतंच. मग बिल्डमध्ये रस्ट आणा, एका बिनमहत्त्वाच्या फंक्शनपुरता, आणि ते प्रकाशन बाहेर जाऊ द्या. पॅकेजवाल्यांच्या तक्रारी या प्रकाशनातच येतील, म्हणून त्यात दुसरं काहीही बदलू नका. तक्रारी मिटल्या की बाहेरचे बाइट जिथे पहिल्यांदा वाचले जातात तो पार्सर हलवा. प्रत्येक तुकड्यानंतर अबिडिफ, टप्पा ६ च्या सहा चाचण्या, आणि त्यानंतरच जुनी सी फाइल काढा. दोन्ही भाषांतून एकाच स्ट्रक्टमध्ये लिहिण्याची वेळ आली तर तुकडा चुकीच्या ठिकाणी कापलाय असं समजा. मागे जा आणि तो स्ट्रक्ट पूर्णपणे एकाच बाजूला न्या.